कर्म क्रियापदात शिरलं म्हणून विचार अडाणी ठरत नाही

‘अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषांत अख्खं वाक्य एका शब्दात कोंबलेलं असतं. मांस आणि खाणं या दोन गोष्टी त्यांना वेगळ्या करता येत नाहीत, म्हणून नुसत्या खाण्याला त्यांच्याकडे शब्दच नाही.’ हा मजकूर पुन्हा फिरतो आहे, ‘आदिम’ या विशेषणासकट. वाचून वाईट वाटतं, कारण त्यातलं एकेक विधान तपासण्याजोगं आहे आणि तपासलं की टिकत नाही.

वेगळं करता येत नाही? मेक्सिकोतली नाहुआत्ल घ्या. ‘निनाकाक्वा’: नि म्हणजे मी, नाका म्हणजे मांस, क्वा म्हणजे खाणं. तोच माणूस ‘निक्क्वा इन नाकात्ल’ असंही म्हणतो: मी ते मांस खातो. इथे मांस बाहेर, स्वतंत्र शब्द म्हणून उभं आहे.

नुसतं खाणं? ‘नित्लाक्वा’. त्ला म्हणजे काहीतरी. झालं.

मग दोन रचना कशाला? मुद्दा खरा इथे आहे. नाम आत गेलं की कुठलं मांस, किती, हे बोलणं मागे पडतं. उरतो तो मांसाहार. भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांनी १९११ सालीच ही रचना समासाच्या जातीची असल्याचं मांडलं होतं. भाषाशास्त्रज्ञ मॅरिअन मिथुन यांच्या १९८४च्या लेखात सैबेरियातल्या कोर्याक भाषेतली एक गोष्ट आहे. देवमासा पहिल्यांदा येतो तेव्हा त्याला स्वतंत्र शब्द मिळतो. ऐकणाऱ्याला तो ठाऊक झाला की पुढे त्याच्यावरचा हल्ला सांगताना तो क्रियापदात जाऊन बसतो. नवं काय, जुनं काय, याचं इतकं भान ठेवणाऱ्याला अडाणी कसं म्हणायचं?

या भाषांची बाजू घेणारेही एक चूक करतात: ‘आपलं मदत करणं तसंच की!’ तसं नाही. मदत केली, फोन केला, काम केलं. आपलं क्रियापद त्या नामाचं लिंग पाळतं, नाम अजून कर्माच्या जागी आहे. ‘निक्क्वा’मधली पहिली ‘क’ ही कर्माची खूण आहे आणि ‘निनाकाक्वा’त ती नाहीशी होते.

आणि हे फक्त अमेरिकेतलं, हेही खरं नाही. ओडिशा-आंध्रच्या डोंगरांतली सोरा भाषा एक पाऊल पुढे जाते. तिथे करणाराही क्रियापदात शिरतो. ‘ञमकिड्‌तम’: वाघ तुला धरेल. यातला ‘किड’ म्हणजे वाघ.