कुठलंही दाबा, मूगच!

लातूरला मामांच्या आडत दुकानात कॉम्प्युटर आहे, हे मला त्या दिवाळीपर्यंत ठाऊक नव्हतं. त्याच्यावर कायम खतावण्यांची चळत असायची आणि चळतीवर मुनीमजींचं उपरणं. मी टेबलाला टेकलो, उपरणं घसरलं आणि खालून मॉनिटर निघाला.

"भाचेराव, पुण्याला ह्याच्यातलंच करता ना?" मामांनी विचारलं. एकदम 'भाचेराव' आणि 'करता' म्हटलं की मामांचं काहीतरी काम असतं.

"ह्याच्यातलंच."

"मग पट्टीचं एक करून द्या की. नाव टाकलं, माल टाकला, वजन टाकलं, बटण दाबलं की पट्टी बाहेर."

"दोन तासांचं काम आहे मामा."

हे वाक्य माझं. मामांनी वेळ विचारलासुद्धा नव्हता.

पट्टी म्हणजे शेतकऱ्याचा माल विकला गेला की आडत्या त्याच्या हातात ठेवतो तो कागद. नाव, गाव, माल, कट्टे, वजन, भाव, हमाली-तोलाई वजा जाता हातात काय. दसरा उलटला की लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचा असा लोंढा येतो की मुनीमजींचा पेन टेकत नाही. त्यामुळे मामांची मागणी रास्त होती. अडचण एवढीच होती की नऊ वर्षं नोकरी करून मी आयुष्यात एकही बटण तयार केलेलं नव्हतं. माझं काम सर्व्हरच्या पोटातलं. माझ्या प्रोग्रामला तोंडच नसतं, त्यामुळे ते कुणाला दाखवावंही लागत नाही. पण घरात हा फरक कुणाला सांगणार? डोळ्याच्या डॉक्टरलाही आमच्याकडे गुडघा दाखवतात.

कॉम्प्युटर म्हातारा, विंडोज त्याच्यावर रांगत होतं. मी ते काढून उबंटू टाकलं. प्रोग्राम पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत आणि खिडक्या-बटणांसाठी पायथनबरोबर येतं ते टीकेइंटर. ह्याच्या बुडाशी जे टीके आहे, ते जॉन औस्टरहाउट या प्राध्यापकांनी बर्कलीच्या विद्यापीठात असताना केलं. भलं माणूस असणार. पण त्यांना आमचे मुनीमजी माहीत नव्हते.

पहिल्या दिवशी दुपारी बारापर्यंत खिडकी तयार. नावाची पेटी, वजनाची पेटी, भावाची पेटी आणि खाली हिरवंगार बटण : 'पट्टी काढा'. मामा, मुनीमजी, दोन हमाल आणि चहा घेऊन आलेला पोरगा असे सगळे मागे उभे. मी प्रोग्राम सुरू केला. खिडकी नीट उघडायच्या आतच कोपऱ्यातला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कर्र कर्र करत जागा झाला आणि त्यानं एक पट्टी बाहेर काढली. नाव नाही, गाव नाही. वजन शून्य, भाव शून्य, हातात पडणारी रक्कम शून्य.

"दाबलं का कुणी?" मामा.

"म्या तर लांब हाय," एक हमाल म्हणाला.

मग मुनीमजींनी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. म्हणजे न दाबता पट्टी निघत होती आणि दाबल्यावर निघत नव्हती. "उलटं बसलंय," चहावाल्या पोरानं निदान केलं.

ही चूक इतकी प्राथमिक आहे की सांगताना कान लाल होतात. बटणाला आपण सांगून ठेवायचं असतं की बाबा, तुला कुणी दाबलं तर अमुक माणसाला हाक मार. मी बटणाला नुसतं कामाचं नाव द्यायच्या ऐवजी नावापुढे दोन कंस टाकले होते. कंस टाकले की पायथन ते काम तिथल्या तिथे उरकून टाकतं आणि त्यातून जे उरेल ते बटणाच्या हाती देतं. उरलं होतं शून्य. हमालाचा नंबर लिहून ठेव म्हणावं आणि समोरच्यानं हमालाला आत्ताच बोलावून कट्टे उचलून मोकळं व्हावं, तसं. मी दोन कंस पुसले. दोन तासांच्या कामातले चार तास गेले होते.

"कट्टे किती ते बी टाका," मुनीमजी म्हणाले. मी एका ओळीत पेटी टाकली आणि त्याच ओळीच्या शेपटाला 'पॅक' लावून ती खिडकीत बसवली. पेटी झकास दिसायला लागली, आणि बटण पुन्हा मुकं. चूक दाखवणारी अक्षरं कुठेच नाहीत, खिडकी तशीच हसतमुख. टीकेइंटरची ही खोड मला नंतर कळली : बटणामागच्या कामात घोळ झाला तर ते खिडकीला काही बोलत नाही, सगळी तक्रार मागच्या काळ्या पडद्यावर लिहून ठेवतं. आणि मी तर प्रोग्राम चित्रावर टिचकी मारून उघडत होतो, काळा पडदा होताच कुठं? तो उघडल्यावर दिसलं की 'पॅक' पेटी बसवतं पण परत येताना रिकाम्या हातानं येतं. पेटीचं दावं म्हणून मी जे धरून बसलो होतो, त्याच्या दुसऱ्या टोकाला काहीच बांधलेलं नव्हतं. पेटी आधी करायची, तिला नाव द्यायचं, मग पुढच्या ओळीत बसवायची. पॅक आणि ग्रिड (पेट्या बसवायची दुसरी रीत) एकाच चौकटीत नांदत नाहीत हे मात्र मला माहीत होतं. तेवढी एक चूक मी केली नाही, याची नोंद व्हावी.

दुसऱ्या दिवशी मालाची बटणं. सोयाबीन, तूर, हरभरा, उडीद, मूग. पाच बटणं पाच वेळा कोण लिहितो? मी इंजिनिअर माणूस. एक फेरा लिहिला, प्रत्येक फेरीत एक बटण, आणि प्रत्येकाच्या पाठीला लॅम्डा, म्हणजे बिननावाचं छोटंसं काम : दाबल्यावर माल लिही. बटणांवर नावं अचूक आली. मामांना फोटो काढावासा वाटला.

मुनीमजींनी सोयाबीन दाबलं. वर अक्षरं आली : मूग.

तूर दाबली. मूग.

हरभरा. मूग.

"लातूरला येऊन मूगच?" मामा म्हणाले. "सोयाबीनच्या सीझनमध्ये?"

मुनीमजींनी चष्मा काढून पुसला आणि उडीद अगदी हळू, कोपऱ्यात, त्याला कळू नये असं दाबून पाहिलं. मूग.

समोर औशाकडचे एक बाबा पट्टीसाठी थांबलेले. त्यांनी वीस कट्टे सोयाबीन आणलेलं. ते उठून पडद्याजवळ आले, 'मूग' वाचलं आणि म्हणाले, "भाव कोणता लावणार? मुगाचा लावणार असताल तर माझं काही म्हणणं नाही."

मी तीन तास त्या पाच ओळींकडे बघत होतो आणि मला त्यांत काही वावगं दिसत नव्हतं. घरून मामींचा जेवायला या म्हणून दोनदा फोन आला. प्रत्येक बटण वेगळं, प्रत्येकाला वेगळा माल सांगितलेला. निदान मला तसं वाटत होतं. खरं म्हणजे मी कुठल्याच बटणाला मालाचं नाव सांगितलेलं नव्हतं. मी पाचही जणांना एकच सांगितलं होतं : "दाबलं की त्या पाटीवर बघ काय लिहिलंय आणि ते म्हण." फेरा चालू असताना पाटीवर सोयाबीन होतं, मग पुसून तूर आली, असं करत शेवटी मूग लिहून फेरा संपला. बटणं दाबली गेली त्यानंतर. पाचही जणांनी इमानदारीनं पाटी बघितली. पाटीवर मूग.

उपाय एवढासाच : लॅम्डा तयार होतानाच तेव्हाचा माल त्याच्या खिशात घालायचा. 'एम बरोबर एम'. दोन अक्षरं आणि एक चिन्ह. मामांनी विचारलं, काय झालं होतं? मी मूग गिळून गप्प बसलो. दुसरं काय गिळणार, दुकानात दुसरं काही निघतच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मुनीमजींनी माऊसवर हरकत घेतली. "हात आकड्यांवर असतो माझा. परत उचलून त्या उंदरावर कोण ठेवणार? एंटर मारलं की पट्टी निघाली पाहिजे." मुद्दा बरोबर होता. टीकेत बटणावर आलं तरी ते स्पेसनं दाबलं जातं, एंटरनं नाही. म्हणून मी अख्ख्या खिडकीलाच 'एंटर' बांधलं, घरी गेलो आणि करंज्या खाऊन झोपलो.

सकाळी दहाला मामांचा फोन. "लवकर ये. ह्याच्या अंगात आलंय."

दुकानात पोचलो तर प्रिंटरखाली पट्ट्यांची रास पडलेली. पेट्या रिकाम्या, वजन शून्य, माल मूग, कारण आदल्या दिवशी शेवटचं बटण मीच तपासून गेलो होतो. मुनीमजी दोन्ही हात वर धरून बसलेले, पोलिसांनी पकडल्यासारखे. "देवाशपथ हात लावलालो नाही. नुसता माऊस बाजूला सारलो, तर एक निघाली. परत सारलो, दोन निघाल्या." हमालानं मॉनिटरला लिंबू-मिरची बांधलेली होती. खरं सांगतो, तोवर मीही लिंबाच्या बाजूचा झालो होतो.

टीकेमध्ये 'एंटर' म्हणजे एंटरची कळ नव्हे. 'एंटर' म्हणजे माऊसचा बाण एखाद्या विजेटच्या, म्हणजे पेटीच्या किंवा बटणाच्या, हद्दीत शिरला. कळेचं नाव 'रिटर्न'. आणि खिडकीला बांधलेली गोष्ट तिच्या पोटातल्या प्रत्येक पेटीला, प्रत्येक बटणाला लागू होते. म्हणजे बाण नावावरून वजनाकडे गेला, एक पट्टी. वजनावरून भावाकडे, दुसरी. डग्लस एंगेलबर्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत हा उंदीर भर सभेत चालवून दाखवला होता. त्याचा पहिला नमुना तर लाकडाचा होता. आडत दुकानाला उंदरांचा त्रास नवा नाही, पण गोदामातले निदान कट्टे कुरतडतात, कागद छापत नाहीत.

'एंटर' काढून 'रिटर्न' घातलं. माझ्या लॅपटॉपवर झकास चाललं. दुकानात मुनीमजी म्हणाले, "होईना गेलंय."

"माझ्याकडे होतंय की."

"तुमच्याकडं होत असंल. आमच्याकडं होईना गेलंय."

मी त्यांच्या शेजारी उभं राहून बघितलं. त्यांनी वजन टाकलं, भाव टाकला आणि करंगळीनं, पंचवीस वर्षं कॅल्क्युलेटर बडवलेल्या माणसाच्या सफाईनं, एंटर मारलं. उजव्या कोपऱ्यातलं. आकड्यांच्या शेजारचं. माझ्या लॅपटॉपला तो आकड्यांचा गठ्ठाच नाही. त्या एंटरचं इथलं नाव 'केपी एंटर', ते 'रिटर्न'मध्ये मोजत नाहीत. एका कीबोर्डवर दोन एंटर, दोघांची नावं वेगळी, आणि ज्याचं नाव एंटर तो कळच नाही. मी दोन्ही बांधले. मुनीमजी प्रसन्न झाले आणि मला पहिल्यांदा 'साहेब' म्हणाले. ते फक्त दोन तास टिकलं.

कारण मी नको तिथं हुशारी केली. काट्याला मागून एक वायर निघते, ती कॉम्प्युटरला लावली की वजन आपोआप येईल, असं मी म्हणालो. मामांनी म्हटलेलं नव्हतं. बटण दाबलं की प्रोग्राम काट्याला विचारणार, वजन स्थिर होईपर्यंत थांबणार, मग पट्टी. सकाळभर नीट चाललं. दुपारी कुणीतरी काट्याचा प्लग काढून तिथं मोबाइल चार्जिंगला लावला.

मुनीमजींनी बटण दाबलं. प्रोग्राम काट्याच्या उत्तराची वाट बघत बसला. खिडकी गोठली, बटण दाबलेलं ते दाबलेलंच. अशा खिडकीमागे राबणारा एकच असतो, मेनलूप. आमच्या दुकानातल्या एकुलत्या मापाड्यासारखा. तो एका काट्याशी अडकून बसला की बाकीच्या गाड्या रस्त्यावर. पण गाड्या परत जात नाहीत, रांगेत उभ्या राहतात. मुनीमजींना हे कुठलं ठाऊक? समोर एक आजोबा, "पट्टी कवा निघंल बाबा, यष्टी जाईल माझी," करत उभे. मुनीमजी दाबत राहिले.

मोबाइल चार्ज झाला. प्लग परत लागला. प्रिंटरनं एक पट्टी काढली. दुसरी काढली. आजोबा मोजत होते. अकरा. सगळ्या त्यांच्याच नावाच्या.

"मंग पैसं बी अकरा बारी द्या," आजोबा म्हणाले. दुकानात पहिल्यांदा सगळे हसले, मामा सोडून.

मी पहिलं औषध दिलं ते असं : दाबल्याबरोबर बटण बंद करायचं, काम झालं की उघडायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सात निघाल्या. रांगेतल्या टिचक्या रांगेतच होत्या, आणि बटण उघडल्यावरच त्यांचा नंबर लागत होता. दार बंद असताना त्या बाहेर उभ्याच नव्हत्या, अजून गल्लीत होत्या. शेवटी 'आफ्टर' वापरलं : काट्याला विचार, उत्तर नसेल तर तिथं ठाण मांडू नकोस, अर्ध्या सेकंदानं परत ये, मधल्या वेळात बाकीच्यांचं बघ. हे सुरुवातीलाच करायचं असतं. माझ्या सर्व्हरवर मी ते रोज करतो. इथं समोर माणसं उभी होती आणि माझी मती गुंग झाली.

दोन तासांचं काम नऊ दिवसांनी संपलं. पाडव्याच्या रात्री ट्रॅव्हल्सनं निघायचं होतं. मामा सोडायला आले. बसच्या दारात म्हणाले, "मुनीमजी म्हणलालते, ते माऊस नुसता फिरवला की पट्टी निघत होती ना, तेच बरं होतं म्हणं. बोटाला ताण नव्हता."

मी म्हणालो, बघतो.

पुण्यात सकाळी मामींनी दिलेली पिशवी उघडली. चकल्या, शंकरपाळे, आणि तळाशी चिवड्याची पुडी. बाहेरून प्लास्टिक, आत तेल शोषायला कागद, कडेला छिद्रं असलेला. चिवडा खाली गेला तशी अक्षरं वर आली. नाव रिकामं, गाव रिकामं, माल मूग.