पहिले पान कोरे राखण्याची साधना

आपल्याला एखादा छंद असावा असे आपल्या मनाने घेतले असेल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. छंदातला सर्वांत सुखाचा भाग आपण एव्हाना उपभोगून झालेला आहे. यापुढे जे येते, म्हणजे बोटे माखणे, पाणी सांडणे आणि आपण काढलेले झाड इतरांना ढग वाटणे, ते सगळे टाळता येते, आणि कसे टाळावे हे सांगण्याइतका अनुभव माझ्या गाठी आहे. उदाहरणादाखल मी जलरंगांचा छंद घेतो, कारण तो मला गेली सहा वर्षे आहे आणि या काळात मी एकही चित्र काढलेले नाही. गिटार, बागकाम, सुतारकाम किंवा एखादी परभाषा यांपैकी काही ज्यांनी निवडले असेल, त्यांनी शब्द तेवढे बदलून घ्यावेत.

सुरुवात कागदापासून करावी. अडाणी माणूस हाताला लागेल त्या कागदावर रंग फासतो, ओलीने कागदाला पोक येते, रंग खळग्यात साचतो आणि तरीही तो गडी मजेत असतो. अशा माणसाच्या वाऱ्यालाही उभे राहू नये, नाहीतर तो आपल्याला चित्र काढायला लावील. आपण आधी अभ्यास करावा. जलरंगांचा कागद हॉट प्रेस, कोल्ड प्रेस आणि रफ अशा तीन पोतांचा असतो. तो लाकडाच्या लगद्याचा तरी असतो किंवा कापसाचा तरी. आणि त्याचे वजन दर चौरस मीटरला १९० ग्रॅम, ३०० ग्रॅम किंवा ६४० ग्रॅम असे मोजले जाते. त्यातला हलका कागद आधी भिजवून फळीवर ताणून सुकवावा लागतो, ६४० ग्रॅमच्या जाड कागदाला ती गरज पडत नाही. एवढ्याचा गुणाकार केला तरी अठरा पर्याय होतात, आणि एका रविवारी एकाच पर्यायाचा नीट विचार करायचा म्हटले तर चार महिने सहज निघून जातात. नमनाला घडाभर तेल लागते हे खरे. पण ज्याला नाटकच करायचे नाही, त्याने तेलात काटकसर का करावी?

या अभ्यासाच्या शेवटी परवडत नाही एवढी उत्तम चित्रवही घ्यावी. उत्तम चित्रवहीचा मोठा गुण असा, की तिचे पहिले पान खराब करण्याची कोणाची छाती होत नाही. माझ्या वहीचे पहिले पान मी कितीतरी वेळा उघडून पाहिले आहे. खिडकीच्या तिरप्या उजेडात धरले, की त्यावरचे बारीक बारीक खळगे दिसू लागतात आणि प्रत्येक खळग्यात नखाच्या टोकाएवढीही नसलेली एक सावली असते. बोटांचा तेलकटपणा कागदाला लागला तर तिथे रंग नीट धरत नाही असे वाचल्यापासून मी ते पान फक्त कडेला धरून उलटतो आणि तसेच परत मिटतो. काही धूर्त लोक सुचवतात, की पहिले पान सोडून द्यावे आणि दुसऱ्यापासून सुरुवात करावी. हे करून पाहण्याचे धाडस मी एकदा केले. पहिले पान सोडल्याबरोबर दुसरे पान पहिले झाले.

रंगांच्या बाबतीत मात्र काळ आपल्या विरोधात गेलेला आहे. पूर्वी चित्रकाराला तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवावे लागत. पिशवीला टोचून रंग काढायचा, मग भोक बुजवायचे आणि ती फुटू नये अशी आशा करायची. चित्र न काढण्याला केवढे भक्कम कारण त्या काळी घरबसल्या मिळत होते! १८४१ साली जॉन गॉफ रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने दाबून रंग काढता येईल अशा धातूच्या ट्यूबचे पेटंट घेतले आणि पुढे लोक रंग खिशात घालून उघड्यावर चित्रे काढू लागले. सुदैवाने आजच्या ट्यूबला आट्यांचे झाकण असते, जलरंगात डिंक असतो आणि झाकण न पुसता लावण्याची सवय आपल्याला असते. या तिघांच्या संगनमताने काही महिन्यांत झाकण असे बसते, की पिळले तर ट्यूबची मान मुरगळते पण झाकण हलत नाही. ते गरम पाण्यात थोडा वेळ धरले की सुटते, ही माहिती आपल्याला असली तरी नसल्यासारखे वागावे आणि पकड शोधायला निघावे. पकड सापडत नाही, कारण मागच्या वेळी कोणीतरी ती वापरून जागेवर ठेवलेली नसते, आणि तो कोणीतरी म्हणजे आपणच असतो. या शोधात जो खण उघडला जाईल, तो तसाच बंद न करता आवरायला घ्यावा.

खण आवरणे म्हणजे वेळ घालवणे आहे, असे घरातले कोणी म्हणाले तर त्यांना डार्विनचे उदाहरण द्यावे. नैसर्गिक निवडीचा आपला सिद्धांत चार्ल्स डार्विनने १८४४ साली चांगला सविस्तर लिहून काढला होता. तो छापण्याऐवजी १८४६ पासून १८५४ पर्यंतची आठ वर्षे त्याने खडकांना आणि जहाजांच्या बुडाला चिकटून बसणाऱ्या बार्नकल नावाच्या कवचधारी प्राण्यांची वर्गवारी करण्यात घालवली. मुख्य ग्रंथ १८५९ साली बाहेर पडला, आणि तोही आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचे जवळजवळ त्याच विचाराचे टिपण आदल्या वर्षी टपालाने दारात येऊन थडकले म्हणून. डार्विनचे चाहते सांगतात, की त्या आठ वर्षांनी त्याच्या शब्दाला वजन आले. मला ते मान्य आहे. आपल्या खणातही वाळलेली पेने, सुटे स्क्रू, मेलेल्या फोनांचे तीन चार्जर आणि कोणत्या कुलपाची आहे हे कोणालाच ठाऊक नसलेली एक किल्ली असते, आणि त्यांचीही वर्गवारी कोणीतरी करायला हवीच. फरक इतकाच, की डार्विनच्या वर्गवारीतून चार ग्रंथ निघाले आणि आपल्या वर्गवारीतून पकडसुद्धा निघत नाही.

पकडीशिवायही एखादी ट्यूब उघडली, तर घाबरून जाऊ नये. चिकटपट्टी आपल्या बाजूने आहे. कागद फळीवर बसवायचा तर त्याच्या चारही कडांना कागदी चिकटपट्टी लावावी लागते, आणि चिकटपट्टीचे टोक सापडणे ही गोष्ट माणसाच्या हातात ठेवलेली नाही. गुंडाळी बोटांत फिरवत राहावी. नखाला कुठेतरी हलकीशी पायरी लागल्यासारखे वाटते, तिथे खरवडावे, म्हणजे एक चिंचोळी धांदोटी तिरपी निघून येते आणि दोन वेढ्यांनंतर नाहीशी होते. आता टोके दोन झाली, आणि दोन्ही सापडत नाहीत. या टप्प्यावर आलेला राग कामाचा ताण म्हणून नोंदवावा आणि जरा पडावे.

ताणाचा विषय निघालाच आहे, तर नोकरीविषयी दोन शब्द. नोकरी ही छंदाची वैरीण आहे असे म्हणणारे लोक कृतघ्न आहेत. नोकरी नसती, तर आपण चित्रे का काढत नाही याचे उत्तर स्वतःलाच शोधावे लागले असते, आणि ते उत्तर ऐकण्याची आपली तयारी आहे का, याचा त्यांनी शांतपणे विचार करावा. ज्या बैठकीत पुढची बैठक कधी घ्यायची एवढेच ठरते, ती आटोपून घरी आल्यावर ‘वेळच मिळत नाही हो’ असे म्हणताना सुस्कारा कसा आतून येतो! सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये असे मांडले, की काम पुरे करायला जेवढा वेळ हाताशी असेल तेवढे ते काम पसरत जाते. दाखला म्हणून त्यांनी रिकामपण असलेल्या एका वृद्ध बाईंचे वर्णन केले, ज्या भाचीला एक पोस्टकार्ड पाठवण्यात अख्खा दिवस घालवतात. कार्ड शोधायला एक तास जातो, चष्मा शोधायला आणखी एक, पत्त्याला अर्धा, मजकुराला सव्वा, आणि पेटीपर्यंत जाताना छत्री घ्यावी की न घ्यावी यावर वीस मिनिटे विचार होतो. या बाईंविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. परंतु शेवटी त्यांनी कार्ड पेटीत टाकले, आणि तिथे त्या कमी पडल्या.

वेळेचे अंदाज मात्र कृपा करून बांधू नका. रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रबंध लिहीत असलेल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो केव्हा पुरा होईल असे विचारले होते. त्यांचा सरासरी अंदाज ३३.९ दिवसांचा निघाला. सगळेच बिनसले तर किती लागतील, या प्रश्नावर ते ४८.६ दिवसांपर्यंत गेले, आणि प्रत्यक्षात लागले ५५.५ दिवस. म्हणजे या मुलांना वाईटात वाईट कल्पनासुद्धा नीट करता आली नाही. आपण ‘येत्या रविवारी’ असे म्हणालात, की रविवार उलटल्यावर खोटे ठरण्याची नामुष्की येते. ‘निवृत्तीनंतर’ असे म्हणालात, तर कित्येक वर्षे आपल्याला कोणी खोटे ठरवू शकत नाही. काम सुरूच न करणे हे बुद्धीचे पहिले लक्षण आणि सुरू केलेले तडीस नेणे हे दुसरे, अशा अर्थाचे एक संस्कृत सुभाषित आहे. शहाण्या माणसाने दुसऱ्या लक्षणाची वेळच येऊ देऊ नये.

मधल्या काळात छंद जिवंत ठेवण्यासाठी इतरांची चित्रे होताना व्हिडिओवर पाहावीत. दीडपट वेगाने पाहिल्यास एका संध्याकाळी चार निसर्गदृश्ये पुरी होतात, आणि पाचव्याच्या वेळी चित्रकाराने आकाश जरा लवकर सुकू दिले हे आपल्याला कळू लागते. ही दृष्टी हात न चालवता येते, हे विशेष. ती दृष्टी परजायला एखादा सहकारीही लागतो, आणि तो प्रत्येक कचेरीत असतोच: जेवणाच्या सुट्टीत रद्दी कागदावर मुलांच्या रंगपेटीने समोरच्याचा चेहरा काढणारा आणि तो बऱ्यापैकी जमवणारा. त्याचे चित्र हातात घेऊन न्याहाळावे, पाठची बाजू बघावी आणि मृदू आवाजात विचारावे, “कागद किती ग्रॅमचा आहे?” तो ओशाळतो. अंगण वाकडे असल्याची तक्रार नाचता न येणाराने करावी हे जुने झाले. आता न नाचणाराने अंगणाचा तज्ज्ञ व्हावे.

ब्रशविषयी थोडक्यात सांगतो. नव्या ब्रशचे केस डिंकासारख्या द्रव्याने ताठ केलेले असतात आणि टोकावर प्लास्टिकची पारदर्शक नळी असते. ब्रश धुतला, की ते ताठपण जाते आणि मग नळी परत चढवताना हमखास दोन-चार केस उलटे मुडपतात. तेव्हा धुऊच नये. माझे तीन ब्रश आजही दुकानातून आणले त्या दिवशीच्या तोऱ्यात उभे आहेत.

चौथा ब्रश मी धुतला, आणि तेवढी एक चूक कबूल करणे भाग आहे. ट्यूब नव्या होत्या तेव्हाची गोष्ट. जलरंग सुकल्यावर फिका पडतो, म्हणून रंग वापरण्याआधी प्रत्येकाचा एकेक पट्टा लावून तक्ता करावा, असे सगळे जाणकार सांगतात. तक्ता म्हणजे काही चित्र नव्हे, या भरवशावर मी तो कचेरीतल्या एका बैठकीच्या पाठकोऱ्या इतिवृत्तावर केला. बारा पट्टे एकाखाली एक लावले. कागद साधाच असल्यामुळे त्याला लगेच पोक आले, निळ्याचा ओघळ खालच्या पिवळ्यात उतरला, तिथे काहीतरी हिरवट डोंगरासारखे उठले आणि मागच्या बाजूचा मुद्दा क्रमांक चार त्यातून उलट्या अक्षरांत पुसटसा दिसत राहिला. सुकावा म्हणून कागद फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावला आणि तो तिथेच राहिला.

वर्षभराने एक परिचित घरी आले. पाणी घ्यायला उठले आणि फ्रिजसमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “हे तुम्ही काढलंत? पाऊस यायच्या आधीचा उजेड आहे ना हा?” मी म्हणालो, “अजून पुरं व्हायचंय.” ते म्हणाले, “आता हात लावू नका याला.” माणूस सुज्ञ होता. त्याने मात्र आणखी चित्रे दाखवण्याचा आग्रह धरला, तेव्हा मी ती चौकट करायला दिली आहेत असे सांगून वेळ मारून नेली. ते गेल्यावर तो कागद दारावरून काढला आणि कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून खणात, चार्जरांच्या खाली, सरकवला. तिथे पकड होती.