लग्न झाल्याशिवाय वेड जाईना

सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला जे टॉवेलचे कारखाने आहेत, त्यांच्यासाठी जॅकार्डची (मागावरच विणली जाणारी) नक्षी संगणकावर तयार करून देणे हा माझा धंदा आहे. एका कारखानदाराच्या जुन्या फाइली उघडण्यासाठी मला एक ओपन-सोर्स सॉफ्टवेअर हवे होते. ते आयते मिळत नाही, सोर्स कोड (प्रोग्रॅमचा मूळ मजकूर) उतरवून घेऊन स्वतः बिल्ड करावे, म्हणजे त्यापासून चालणारे सॉफ्टवेअर तयार करावे लागते. तीही माझी तक्रार नाही. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, एवढे मला कळते. पण गाईचे दूध कसे काढायचे हे ज्या कागदावर लिहिले आहे, तो कागद त्या दुधातच बुडवून ठेवला असेल, तर माणसाने करावे तरी काय?

रीडमी फाइलमध्ये बिल्डविषयी एकच वाक्य आहे: सूचनांसाठी डॉक्युमेंटेशन पाहावे. डॉक्युमेंटेशन म्हणजे एका फोल्डरमधल्या कच्च्या मजकुराच्या फाइली, आणि त्यांची वाचण्याजोगी पाने करायची तर स्फिंक्स नावाचे साधन चालवावे लागते. स्फिंक्स चालवले. त्यातले ऑटोडॉक हे एक्स्टेन्शन माहिती गोळा करण्यासाठी त्या सॉफ्टवेअरचे पायथन भाषेतले मॉड्यूल (कोडचा एक भाग) प्रत्यक्ष इम्पोर्ट करते, म्हणजे चालवायला घेते. ते मॉड्यूल सी भाषेतला भाग कंपाइल झाल्याशिवाय, म्हणजे संगणकाच्या भाषेत उतरल्याशिवाय, इम्पोर्ट होत नाही. आणि तो भाग कंपाइल कसा करायचा, हे डॉक्युमेंटेशनमध्ये आहे! लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ही म्हण मी इतकी वर्षे थट्टेत वापरत आलो. ती कोणी मेकफाइलमध्ये, म्हणजे बिल्डच्या पायऱ्या सांगणाऱ्या फाइलमध्ये, लिहून ठेवील असे वाटले नव्हते.

कच्चा मजकूरच वाचावा, असे कोणी सुचवील. तोही वाचला. जिथे लागणाऱ्या लायब्ररींची (तयार कोडच्या संचांची) यादी असायला हवी, नेमक्या तिथे ‘इन्क्लूड’ची (दुसरी फाइल इथे आणून जोडा, अशी) एक ओळ आहे, आणि ज्या फाइलकडे ती बोट दाखवते ती फाइल बिल्ड करतानाच तयार होते.

मग अंदाजाने सुरुवात केली. कॉन्फिगर, म्हणजे बिल्डआधीच्या तपासणीचे स्क्रिप्ट, एक लायब्ररी नाही म्हणून थांबते, ती बसवावी तर दुसरीपाशी थांबते. काय काय नाही ते एकदाच सांगून टाकण्याचा मोठेपणा त्यात नाही. सूचनांपैकी जेवढे हाती लागले, त्यात ‘कोणताही अलीकडचा कंपायलर चालेल’ असे ठामपणे लिहिले आहे. 2024 मध्ये आलेल्या जीसीसी 14 या कंपायलरपासून, आधी जाहीर न केलेले फंक्शन सी भाषेत वापरले की नुसती ताकीद न मिळता थेट एरर येते, आणि या कोडमध्ये अशी फंक्शने जागोजागी आहेत. सेटअपची फाइल पहिल्याच ओळीत डिस्ट्युटिल्स हे पायथनचे पॅकेजिंगचे मॉड्यूल मागते, जे पायथन 3.12 मधून काढून टाकले आहे. भाषा सुधारल्या याचा मला राग नाही. ज्याने ते वाक्य लिहिले, त्याने ते लिहिल्यानंतर एकदाही कोऱ्या संगणकावर बिल्ड करून पाहिले नसावे, याचा राग आहे.

जुना कंपायलर बसवून तिसऱ्या रात्री गाडी पुढे सरकली, आणि मे महिन्यातल्या सोलापूरच्या शिरस्त्याप्रमाणे नेमके तेव्हाच वीज गेली. पंखा बंद, यूपीएसची बॅटरी आधीच मेलेली. तासाभराने पुन्हा मेक (बिल्ड चालवणारे साधन) दिले, तर जोडणीच्या टप्प्यावर ‘फाइल ट्रंकेटेड’, म्हणजे फाइल तुटकी. वीज जाताना अर्धवट लिहिली गेलेली ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेल्या भागाची) मेकला पूर्ण झालेली वाटत होती, कारण ते फक्त वेळ पाहते. फाइल सोर्सपेक्षा नवी आहे ना, मग तिला हात लावायचे कारण नाही. हे उमगायला मला पहाटेचे तीन वाजले. सगळे पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.

सकाळी सॉफ्टवेअर तयार झाले, मॉड्यूल इम्पोर्ट झाले आणि डॉक्युमेंटेशनची पानेही सुबक उमटली. बिल्डच्या सूचनांचे पान उघडले. त्यावर लिहिले आहे: ‘हा विभाग लवकरच भरला जाईल.’