झाड त्यांचं, पानं आमची

माझ्या उजव्या तळहातावर अंगठ्याच्या बुडाशी एक टम्म फोड आलाय, आणि त्याला जबाबदार असलेला गृहस्थ आत्ता कुंपणापलीकडे आरामखुर्चीत पेपर वाचतोय. त्यांना आपण काका म्हणू. आम्ही तेच म्हणतो, समोर असले की.

झालं असं की पानगळीच्या दिवसांत मुलांना घेऊन पाचोळा गोळा करावा, त्यात फार आनंद असतो, असं बायकोने कुठेतरी वाचलं. वाचलं तिने, आनंद माझ्या वाट्याला आला. ती कपाट आवरायला आत गेली. बाहेर मी, सात वर्षांची थोरली, चार वर्षांचा धाकटा, एक खरं दाताळं आणि दोन खेळण्यातली.

मुलांच्या मदतीबद्दल एवढंच सांगतो की एकट्याने हे काम अर्ध्या तासात होतं. थोरलीने पानं रंगाप्रमाणे लावायला घेतली: पिवळी इकडे, लाल तिकडे, तपकिरी ‘बाबांची’. धाकटा एका वेळी एकच पान उचलायचा, ते माझ्या नाकाशी धरायचा आणि म्हणायचा, “हे बघ, हे वेगळंय.” मी बघायचो. कारण नाही बघितलं तर तो तेच पान पुन्हा आणतो. असं करत ढीग गुडघ्याएवढा झाला, तेवढ्यात दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ आईबापांना वेगळा सांगावा लागत नाही. ढीग पुन्हा अंगणभर.

आणि कुंपणापलीकडून टाळ्या आल्या.

“वा वा! छान चाललंय!” काका दोन्ही कोपर कुंपणावर टेकून उभे होते. असे कोपर टेकणारा माणूस लवकर जात नसतो.

“काका, पानं लाल का होतात?” थोरलीने विचारलं. मी तिला डोळ्यांनी खुणावत होतो, पण उशीर झाला होता.

“अगं, पिवळा रंग पानात आधीपासून असतोच. हिरव्याखाली झाकलेला असतो. दिवस लहान झाले की झाड हिरवं द्रव्य मोडीत काढतं, मग पिवळा दिसायला लागतो. लाल मात्र बरीच झाडं जाता जाता नवा तयार करतात.”

“आणि मग पान पडतं?”

“पडत नाही!” काकांनी बोट वर केलं. “झाड ते टाकतं. देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होतो, तिथून पान सुटतं. जखम आतून आधीच बंद केलेली असते. बघ, देठाचं टोक कसं स्वच्छ आहे.”

धाकट्याने लगेच एक पान माझ्या नाकाशी आणलं. टोक खरंच स्वच्छ होतं, कुणीतरी नखाने अलगद सोडवल्यासारखं. छान होतं ते, मान्य करतो. राग असला तरी छान ते छानच.

“आणि टाकायच्या आधी,” काका आता माझ्याकडे वळले, “झाड पानातला नायट्रोजन परत ओढून घेतं. निम्म्याच्या आसपास! फॉस्फरसही. हिशेबी असतं हो झाड.”

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. झाड काकांचं आहे. बुंधा त्यांच्या हद्दीत, सावली त्यांच्या खुर्चीवर आणि फांद्या आमच्याकडे. म्हणजे मालमत्ता आत ओढून घ्यायची आणि रिकाम्या पिशव्या शेजाऱ्याच्या अंगणात भिरकवायच्या, हा सगळा कारभार मला त्याच्या मालकाकडून कौतुकाने समजावून सांगितला जात होता. झाडाने हे कुणाकडून उचललं असेल, हा प्रश्न मी गिळला. मुलं होती.

“तुम्ही दाताळं फार उभं धरता,” काका म्हणाले. “म्हणून फोड येतो.”

मी दाताळं आडवं धरलं. फोड आला.

“आणि वारा समोरून घेताय. पाठीवर घ्या.”

मी वळलो. वारा वळला.

“खरं तर,” काका म्हणाले, “थोडी पानं असतील तर गोळा करायची गरजच नसते. बारीक करून तिथेच पसरावीत, गांडुळं आत ओढून नेतात.”

हे त्यांनी दीड तासाने सांगितलं. ह्या दीड तासात त्यांचे कोपर कुंपणावरून हलले नव्हते. मला चिडायचं नव्हतं. पण दर पानगळीला मी वाकतो, ते उभे राहतात आणि मुलांच्या आठवणीत राहणार ते झाडांबद्दल सगळं सांगणारे काका. बाबा कोण? ते घामेजलेले, ‘उड्या मारू नका’ म्हणणारे.

शेवटी ढीग झाला. कंबरेएवढा. मी पोती आणायला वळलो तर मागून आवाज आला, “टाकणार नाही ना ते?”

“का?”

“नुसत्या पानांचं खत उत्तम होतं. बुरशी कुजवते त्यांना, सावकाश. वर्ष-दोन वर्षं लागतात. माझ्या कोपऱ्यात जागा आहे. द्याल का?”

मी दिली. म्हणजे काकांची पानं मी त्यांना घरपोच दिली, सात पोती, सात फेऱ्या. प्रत्येक पोत्यात हात घालून ते म्हणायचे, “जरा कोरडी आहेत, पाणी मारावं लागेल,” आणि पाइपाकडे बघायचे. पाइपही मीच धरला.

अंगण अगदी लख्ख झालं होतं. धाकटा मधोमध उभा राहून हिरमुसल्या तोंडाने इकडेतिकडे बघत होता. मग धावत कुंपणाशी गेला आणि टाचा उंचावून ओरडला, “काका, उद्या परत पाडाल ना?”

“पाडू की!” काका म्हणाले.