माशाचं नुसतं नाव विचारून भागत नाही

‘हा मासा खा, तो खाऊ नका’ अशा याद्या सारख्या फिरत असतात. समुद्राची काळजी असणारी माणसंच त्या पाठवतात, हे मान्य. पण नुसत्या नावांच्या यादीवर मासे निवडू नयेत, असं माझं ठाम मत आहे. एकाच जातीचा मासा एका समुद्रात भरपूर असतो, तर दुसऱ्यात संपत आलेला असतो. ईशान्य अटलांटिकमधला बांगडा घ्या. भराभर वाढणारा, थव्याने फिरणारा, म्हणून सगळे त्याची बिनधास्त शिफारस करायचे. मार्च २०१९ मध्ये त्याचं एमएससी (मरीन स्ट्युअर्डशिप कौन्सिल) या संस्थेचं टिकाऊ मासेमारीचं प्रमाणपत्र निलंबित झालं. तेव्हाच्या मोजणीत साठा सावधगिरीच्या पातळीखाली आला होता आणि पकड शास्त्रज्ञांनी सांगितलेल्या मर्यादेपेक्षा जास्त होती. मासा तोच, नाव तेच.

म्हणून विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा. कुठे पकडला, कशाने पकडला, आणि समुद्रातला आहे की शेतीतला?

यातला ‘कशाने’ हा प्रश्न लोक सर्वात कमी विचारतात आणि खरी मेख तिथेच असते. तळावरून ओढलेलं ट्रॉल जाळं समुद्राचा तळ खरवडत जातं. कोळंबी लहान, त्यामुळे तिच्या जाळ्याचा आस, म्हणजे जाळ्यातली भोकंही लहान ठेवावी लागतात, आणि मग वाटेत येणाऱ्या प्रत्येक माशाची पिल्लंही त्यात अडकतात. काही जाळ्यांत कासवासाठी तिरके गज बसवतात. कासव गजांना अडून झडपेतून बाहेर पडतं. ही सोय हवीच. पण लहान मासे त्या गजांमधून सरळ आत जातात, त्यामुळे ‘कासव-सुरक्षित’ कोळंबी म्हणजे पिल्लांची नासाडी न करता पकडलेली कोळंबी नव्हे.

टूनाच्या डब्यावरच्या ‘डॉल्फिन सेफ’चंही असंच आहे. ती खूण फक्त डॉल्फिनबद्दल बोलते. टूनाचा साठा किती उरलाय, जाळ्यात शार्क किती आले, याबद्दल ती काहीच सांगत नाही. मासे गोळा करायला समुद्रात तरंगते तराफे सोडले की त्यांच्या सावलीला टूनाची पिल्लं आणि शार्क जमतात, आणि भोवती जाळं टाकलं की सगळेच सापडतात. डब्यावर जातीचं नाव हवं, आणि गळाने एकेक करून पकडल्याचा उल्लेख असेल तर उत्तम. स्किपजॅक जातीचा टूना लवकर वयात येतो, म्हणून ब्लूफिन टूनापेक्षा तो केव्हाही बरा.

शेतीतला मासा म्हटलं की समुद्रावरचा भार हलका झाला असं वाटतं. कालवं आणि दोरीवर वाढवलेले शिंपले यांच्या बाबतीत ते खरं आहे. त्यांना खाद्य घालावंच लागत नाही, ते पाण्यातलं प्लवक, म्हणजे तरंगणारे सूक्ष्म जीव, गाळून खातात. परिस्थिती अनुकूल असेल तर एक मोठं कालव दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळू शकतं. माझ्या मते निर्धास्त घ्यावं असं दुसरं काही नाही, फक्त तळ खरवडून काढलेले शिंपले टाळा. सॅमनला मात्र मासळीचं पीठ आणि तेल लागतं, आणि उघड्या पिंजऱ्यांतून उवा आणि रोग बाहेरच्या माशांपर्यंत पोचतात. कोळंबीच्या तलावांसाठी खारफुटी तोडली होती का, हे विचारायलाच हवं. युरोपीय ईलची गोष्ट तर सर्वात वाईट. ‘शेतीतला’ म्हणून विकला जाणारा हा मासा समुद्रातून आलेली पारदर्शक पिल्लं पकडूनच वाढवलेला असतो, आणि ही जात अतिसंकटग्रस्त आहे.

आकार बघा. अंडी घालण्याआधीच पकडलेलं पिल्लू घेऊ नका, हे बहुतेकांना माहीत असतं. पण अवाढव्य म्हाताऱ्या माद्याही समुद्रातच राहायला हव्यात, कारण वजन दुप्पट झालं की अंडी बहुधा दुपटीहून जास्त होतात. खेकडा घेताना तो उलटा करा. पोटाखालची झडप अरुंद, टोकदार असेल तर नर. रुंद, गोलसर असेल तर मादी. झडपेखाली स्पंजासारखा गोळा दिसला तर ती अंडी. ती ताजी असताना पिवळी-नारिंगी असतात आणि फुटायला आली की काळपट होतात. अशी मादी घेऊ नका. खोल समुद्रातला ऑरेंज रफी शंभरहून जास्त वर्षं जगतो आणि वयात यायलाच दोन-तीन दशकं घेतो. तो सोडूनच द्या.

समुद्रातल्या माशासाठी एमएससी आणि शेतीतल्यासाठी एएससी, ही प्रमाणपत्रं उपयोगी आहेत. पण ती मिळवायला पैसा लागतो, त्यामुळे छोट्या होड्यांच्या चांगल्या माशावर ती बऱ्याचदा नसतात. खूण नाही म्हणून मासा वाईट ठरवू नका, विचारा. पाकिटावर एफएओचा (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा) क्षेत्र क्रमांक असेल तर तो वाचा: २७ म्हणजे ईशान्य अटलांटिक, ३७ भूमध्य समुद्र, ५१ पश्चिम हिंदी महासागर. ही क्षेत्रं अफाट मोठी आहेत, त्यामुळे नुसत्या आकड्यावर निर्णय होत नाही. त्याच्या जोडीला जाळ्याचा प्रकार आणि शास्त्रीय नाव हवं. युरोपीय संघात ताज्या आणि गोठवलेल्या माशांच्या विक्रीत ही माहिती देणं बंधनकारक आहे.

आणि गोठवलेल्या माशाला नाक मुरडू नका. बोटीवरच गोठवून जहाजाने आणलेल्या माशाचा कार्बनभार विमानाने आणलेल्या ‘ताज्या’ माशापेक्षा सहसा खूपच कमी असतो. शिवाय तो लागेल तेवढाच काढता येतो, त्यामुळे वायाही कमी जातो.