‘स्मरणरंजन’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

‘हा लेख निव्वळ स्मरणरंजन आहे. जुने गेम्स तुम्हाला भारी वाटतात कारण तेव्हा तुम्ही लहान होतात. आधी नवीन काही खेळा, मग शहाणपणा शिकवा.’ माझ्या आवडत्या गेम्सवरच्या लेखाला आपण नाव न लिहिता दिलेली ही प्रतिक्रिया. लेखातल्या यादीत ऑनलाइन गेम्स नाहीत, अशीही तक्रार आहे. ती मान्य, त्यांच्यावर वेगळं लिहायला हवं. पण ‘शहाणपणा शिकवा’ ही काय बोलायची रीत झाली? मतभेद खुशाल असू द्यात. ओळखदेख नसताना समोरच्याची अक्कल काढणं मला पटत नाही.

आता ‘लहान होतात’बद्दल. १९८५च्या सुपर मारिओ ब्रदर्सची पहिली लेव्हल आठवा. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे मोकळी जागा. कुठे जायचं ते कुणी सांगावं लागत नाही. समोरून गूंबा, म्हणजे चालत येणारा छोटा शत्रू, येतो, उडी मारली नाही तर खेळ खलास. मग प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यातून मशरूम निघतो, पाइपला धडकून उलटा फिरतो आणि थेट तुमच्या अंगावर येतो. घाबरून उडी मारावी तर वरचे ठोकळे आडवे येतात, आणि बहुतेक वेळा मशरूम मिळूनच जातो. मारिओ मोठा होतो! काय टाळायचं आणि काय घ्यायचं, हे एका शब्दाशिवाय शिकवून झालं. यात माझ्या वयाचा संबंध कुठे आला?

मी काही वर्षं गेम टेस्टिंगमध्ये काढली आहेत. तीच उडी, तोच खड्डा, दिवसभर. बटण दाबल्यावर उडी किंचित उशिरा निघाली, तर चित्रं कितीही देखणी असोत, हाताला ते लगेच खुपतं. हे मी भाबडेपणाने नाही, काम करून शिकलोय.

आणि ‘नवीन खेळा’ म्हणता? यादीत सेलेस्ट हा गेम होता, २०१८चा. तेव्हा माझं बालपण संपून जमाना झाला होता. तुम्ही तिथवर वाचलंच नाहीत, असं दिसतं. त्यात कड्यावरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी मारता येते. ही सवलत खेळणाऱ्याला जाणवत नाही, त्याला वाटतं आपल्यालाच जमलं. १९८९चा प्रिन्स ऑफ पर्शिया नेमका उलटा. एकदा झेप घेतली की हवेत दिशा बदलता येत नाही, म्हणून काठापर्यंत एकेक पाऊल जपून टाकावं लागतं. एक गेम चूक पोटात घालतो, दुसरा अजिबात घालत नाही. पण दोघंही आपला नियम शेवटपर्यंत पाळतात, म्हणून दोन्ही लक्षात राहतात. लेखात मी हेच मांडलं होतं. त्यातलं एक वाक्यही खोडायची तसदी तुम्ही घेतली नाहीत.

ग्राफिक्सबद्दलच्या आणि ‘पैसे घेऊन लिहिता का’ या प्रश्नांवर मी वेळ घालवणार नाही. सेलेस्टबद्दल बोलायचं असेल तर जरूर लिहा, नावासकट.