कॉक पाह्य पहिले

माझ्या दुकानातला कॉम्प्युटर तीन वर्षं मुका होता आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. सातबारा काढायला आवाज लागत नाही. झेरॉक्सलाही नाही. पीकविम्याच्या दिवसांत दुकानात जो काही आवाज होतो तो गिऱ्हाइकांचा, आणि तो पुरेसा असतो.

मशीन जुनं, वर्ध्याहून सेकंडहँड आणलेलं. आधी त्यात विंडोज होतं. पण सेलू तालुक्यातल्या आमच्या गावात लोक पेनड्राइव्ह खर्र्याच्या पुडीसोबत एकाच खिशात ठेवतात, आणि लग्नाचे फोटो, वरातीचे व्हिडिओ, सोसायटीचे कागद सगळं त्यातूनच फिरतं. त्या पंगतीला व्हायरसही येऊन बसायचे. महिन्यातून दोनदा फॉरमॅट मारून मी थकलो, तेव्हा पुण्यात शिकणाऱ्या भाच्यानं दिवाळीत लिनक्स टाकून दिलं. "मामा, आता मरेपर्यंत चिंता नाही," म्हणाला. कुणाच्या मरेपर्यंत, ते विचारायचं राहून गेलं. जाता जाता म्हणाला, "आवाज तेवढा येत नाहीये, पण ते पाच मिनिटांचं काम आहे." आणि बसमध्ये चढला.

ती पाच मिनिटं यंदाच्या तान्ह्या पोळ्यापर्यंत उधार राहिली.

बाहेरच्यांसाठी सांगतो. पोळ्याला खरे बैल, आणि दुसऱ्या दिवशी लाकडाचे, ते सजवून मिरवणारी पोरं. हा तान्हा पोळा. शेजारच्या सिंदी रेल्वेला ओढून न्यावे लागतील एवढे मोठाले लाकडी बैल निघतात. आमचे हातभरच. पण बैल खरा असो की सागवानी, तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, झाल्याच पाहिजेत, आणि आमच्या गावात झडत्या म्हणजे माझे बाबा. 'एक नमन गौरा पार्वती' म्हणून त्यांनी आवाज लावला की पलीकडच्या गावचे बैलही कान टवकारतात. यंदा बाबांचा घसा बसला. डॉक्टरांनी ओरडायला सक्त मनाई केली. मागच्या वर्षीची रेकॉर्डिंग तेवढी दुकानातल्या कॉम्प्युटरवर होती. ज्या मोबाईलवर ती केली, तो मोटर सुरू करताना विहिरीत गेला.

"मंग दुसऱ्या मोबाईलवर घे न," हे मला पहिल्या दिवशी सरपंचांनी सांगितलं, दुसऱ्या दिवशी बायकोनं आणि तिसऱ्या दिवशी सहावीतल्या एका पोरानं. तिघांचं बरोबर होतं. पण मी कमिटीच्या बैठकीत छाती काढून बोलून चुकलो होतो की यंदा सगळं कॉम्प्युटरवरून होईल: पोरांची नावं, नंबर, झडत्या, सगळं. बिछायत केंद्रवाल्यानं त्याचं आवाज वाढवायचं मशीन माझ्या दुकानात आणून ठेवलं, दोन भोंगे मारुतीच्या देवळाजवळच्या लिंबाला बांधले, आणि वायर ओढून दिली. आता मोबाईल लावणं म्हणजे घोड्यावरून उतरून वरातीत पायी चालणं.

पहिल्या रात्री साउंड कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरचा आवाज काढणारा भाग, शोधलं. ते सापडलं, आणि एक नव्हे तर दोन सापडली. लिनक्सवाल्यांची मोजणी शून्यापासून सुरू होते. शून्य नंबरचं कार्ड एचडीएमआयचं, म्हणजे मॉनिटरकडे आवाज नेणारं. एक नंबरचं साधं, मागच्या हिरव्या भोकाचं, खेकड्याचं चित्र मिरवणाऱ्या कंपनीच्या चिपवालं. सिस्टिमनं शहाण्यासारखा शून्य नंबर धरला होता. तीन वर्षं माझा कॉम्प्युटर मॉनिटरला सगळं इमानदारीनं ऐकवत होता, आणि मॉनिटरला स्पीकरच नव्हते. म्हणजे तो मुका नव्हताच. चुकीच्या माणसाशी बोलत होता. आमच्या ग्रामसभेसारखं.

एका फाइलीत दोन ओळी लिहून एक नंबरला मुख्य केलं. तरी आवाज नाही. मी बिछायतवाल्याच्या मशीनचं बटण जरा पुढं सरकवलं. ही क्रिया ध्यानात ठेवा.

दुसऱ्या रात्री मी वाचन केलं, आणि वाचनानं माणसाचं किती नुकसान होतं ते कळलं. लिनक्स ज्या घराण्यातलं, त्या युनिक्सच्या घराण्यात प्रत्येक वस्तू म्हणजे फाइल. डिस्कही फाइल, कीबोर्डही फाइल. तसं साउंड कार्डही, 'डेव्ह-डीएसपी' नावाचं. त्यात काहीही ओता, ते वाजणार. ही जुनी ओएसएस नावाची व्यवस्था, फिनलंडच्या हान्नू सावोलाइनेन यांनी उभी केलेली. गंमत अशी की बऱ्याच कार्डांवर ते भोक एका वेळी एकालाच मिळायचं. विहीर एक, मोटर एक; एका प्रोग्रामनं पाणी धरलं की बाकीच्यांनी बांधावर बसायचं. मग १९९८ मध्ये यारोस्लाव किसेला यांनी अल्सा नावाच्या नव्या व्यवस्थेचं काम सुरू केलं, आणि २००३ च्या डिसेंबरात आलेल्या २.६ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) लिनक्सवर तेच चालू लागलं. त्याच्यावर पुढे पल्सऑडिओ आला, आता पाइपवायर आलं आहे. हे दोघं म्हणजे बोरच्या कालव्यावरचे पाटकरी समजा: कुणाला किती, कधी, कुठल्या चारीनं, हे ते ठरवतात. भाच्यानं मशीन हलकं ठेवायचं म्हणून पाटकरी नेमलाच नव्हता. त्याच घराण्यातले फ्रीबीएसडीवाले मात्र अजूनही डेव्ह-डीएसपीवर सुखात आहेत, आणि ते सुख ते मनात ठेवत नाहीत.

तर कुठल्याशा जुन्या सल्ल्यावरून मी रूट, म्हणजे सिस्टिमचा सर्वाधिकारी, होऊन डेव्ह-डीएसपीत कचरा डेटा ओतायला घेतला. खरखर ऐकू आली तर कार्ड जिवंत, असं ते गणित. पण माझ्या लिनक्सवर त्या नावाची वस्तूच उरली नव्हती. सिस्टिमनं 'नाही' म्हणावं ना? पण तसं काही ती बोलली नाही. त्या नावाची साधी फाइल नवी तयार केली आणि मी ओततोय ते तिच्यात भरत बसली. ती जागा असते मेमरीत. थोड्या वेळानं माउस जागचा हलेना. मी साउंड कार्डाच्या ऐवजी पोत्यात पाणी भरत होतो. लाइन बंद करून चालू केली. बिछायतवाल्याच्या मशीनचं बटण आणखी थोडं पुढं सरकवलं.

याच वाचनात कळलं की १९९४ साली लिनक्स घडवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं स्वतःच्या आवाजात एक छोटी ध्वनिफीत नेटवर ठेवली होती, आपण लिनक्सचा उच्चार कसा करतो ते सांगणारी. म्हणजे उच्चार कळायला आधी साउंड कार्ड चालू पाहिजे. आजही जगात कोणी 'लायनक्स' म्हणतो, कोणी 'लिनेक्स'. कुणाकुणाचं कार्ड तेव्हा चाललं नव्हतं ते त्यावरून ओळखावं.

तिसऱ्या रात्री अल्सामिक्सर, म्हणजे अल्साचा आवाज कमी-जास्त करायचा प्रोग्राम, उघडलं. काळ्या पडद्यावर उभ्या पट्ट्या, जणू गोदामात युरियाच्या थप्प्या. काही थप्प्यांच्या खाली 'ओओ', काहींच्या खाली 'एमएम'. एमएम म्हणजे तोंडाला बूच. अल्सामध्ये कार्ड नव्यानं लागलं की असं बूच लावूनच देतात, म्हणजे अचानक कुणाच्या कानठळ्या बसू नयेत. विचार चांगला आहे. माझ्या मास्टरखाली एमएम होतं. एम दाबलं, बूच निघालं, पट्टी शंभरावर नेली. बाबांची झडती लावली. पडद्यावर सेकंद पळत होते. भोंगे गप्प.

तेवढ्यात मोटरवाले काकाजी आले. मोटर भरून देण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत नाही. पावसानं पंधरा दिवसांपासून दडी मारली होती, कपाशी माना टाकत होती, आणि शेतातली थ्री फेज रात्री बाराला यायची होती. तोवर वेळ काढायला माझ्या दुकानाचा उजेड बरा.

"काय झालं गा?"

"आवाज निघत नाही, काकाजी."

"लाइन आहे?"

"आहे."

"मोटर फिरते?"

मी पळणारे सेकंद दाखवले. "फिरते."

"अन् पाणी येत नाही. मंग कॉक पाह्य पहिले. लोकं मोटर खोलून बसते, अन् कॉक बंद रायते."

मी जरा दुखावलो. अल्सा, कर्नल, मॉड्यूल असं सगळं त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे खर्रा मळला. मग खाली वाकून कॉम्प्युटरच्या पुढच्या भोकात टॉर्च मारला. "याच्यात काय खुपसून ठेवलं बाप्पा?"

इअरफोनच्या पिनेचं मोडलेलं टोक होतं. तीन वर्षांपासून तिथंच. मला मिक्सरच्या अगदी शेवटची, मी न वाचता सोडून दिलेली पट्टी आठवली: ऑटो-म्यूट. पुढच्या भोकात इअरफोन असला की कार्ड मागचं भोक आपोआप बंद करतं. कार्डाला वाटत होतं, मालक तीन वर्षांपासून इअरफोन घालून बसला आहे. तेव्हा भाच्यानंच आवाज तपासला असणार, पिन मोडली असणार, आणि मग त्याला बस आठवली असणार, असा माझा अंदाज आहे. पुरावा नाही. पण दिवाळीला येतो म्हणाला होता, त्यानंतर तो आला नाही.

काकाजींनी माझ्या पेनाची रिफिल मागितली, टोकाला चिकटवायचं औषध लावलं, पिनेला टेकवलं, आणि विडी पिऊन होईस्तोवर हलू दिलं नाही. मग हळूच ओढलं. टोक बाहेर. "हं. सोड पाणी."

मी घाईत 'स्पीकर-टेस्ट' एवढंच टंकलं. त्याला पुढे काही सांगितलं नाही तर ते पिंक नॉइज वाजवतं. हे मला माहीत नव्हतं. दोन रात्री पुढे पुढे सरकवलेलं बिछायतवाल्याचं बटण कुठवर गेलं होतं, तेही मी विसरलो होतो.

पिंक नॉइज कसा असतो? टिनावर जोराचं पाणी पडल्यासारखा. तंतोतंत. आणि इथं तो दोन भोंग्यांतून, रात्री पावणेबाराला, पंधरा दिवस कोरड्या पडलेल्या गावावर.

पहिले बाबा उठले. अंगणात येऊन त्यांनी हात पुढे केला, तळवा वर. डॉक्टरांची मनाई विसरून ओरडले, "पाणी आलं वो!" समोरच्या घरातल्या आजीनं दोरीवरचं लुगडं ओढलं. कुणी गोवऱ्या झाकायला धावलं, कुणी कुटाराच्या ढिगावर ताडपत्री टाकली. शेतात निघालेले दोघं मोटरसायकल वळवून परत आले, आता कायले मोटर लावायची म्हणून. मग एकेकानं वर पाहिलं. चांदण्या लखलखीत.

मी कंट्रोल-सी दाबून पाऊस थांबवला. सावरावं म्हणून बोलणारी चाचणी लावली, तर भोंग्यांतून एक बाई गावभर बोलली, "फ्रंट लेफ्ट." मग "फ्रंट राइट." बिछायतवाल्याचं मशीन मोनो, त्यामुळे लेफ्टही दोन्हीकडून आणि राइटही दोन्हीकडून. सकाळी आजीनं बायकोला विचारलं, "रातच्याले दुकानात ते इंग्रजी बाई कोन होती वं?" बायकोनं माझ्याकडे पाहिलं. पिंक नॉइजचं मी तिला समजावू शकलो. बाईचं नाही.

तान्हा पोळा झाला. आभाळ तसंच कोरडं होतं. तोरणाखाली चाळीसेक लाकडी बैल, शिंगांना बेगड, पाठीवर झूल. बाबांची झडती खणखणीत वाजली. ते स्वतः खुर्चीवर बसून ओठ हलवत होते आणि एका जागी चुकलेल्या शब्दाबद्दल माझ्याकडे रागानं पाहत होते. बक्षिसं वाटून झाली. पोरं ओरडू लागली, "काका, ते फ्रंट लेफ्टवाली बाई लावा न!" लावली. रांगेतल्या डावीकडच्यांनी आपापला बैल वर धरला, मग उजवीकडच्यांनी.

मी वायर गुंडाळायला घेतली, तर मागे लिंबाखाली बसलेल्या म्हाताऱ्यांतून काकाजींचा आवाज आला.

"अबे, ते पाण्याचं लाव न एकडाव."

लावलं. बटण यावेळी बेतानं ठेवलं. सगळे गप्प झाले. भोंग्यांतून पाणी पडत राहिलं, आणि पुढच्या रांगेतल्या दोन-तीन लहान्यांनी आपले बैल पटकन सदऱ्याखाली घेतले.